गोन्सालोनंतरचे नागासाकी

फेब्रुवारीच्या सुरुवातीला वसईच्या किल्ल्यात संत गोन्सालो गार्सियाचा सण होतो. लहानपणी आम्ही आजीचा हात धरून त्या सणाला जात असू. मिस्सेनंतरच्या प्रवचनात दरवर्षी तीच कथा: वसईत जन्मलेला मुलगा दूर जपानला गेला, तिथे त्याला क्रुसावर टांगले, तो डगमगला नाही. कथा तिथेच संपत असे. पुढे काय झाले, हे मला कोणी सांगितले नाही आणि मलाही विचारावेसे वाटले नाही. हुतात्म्याच्या कथेत हुतात्म्यानंतर काय उरणार, अशीच माझी समजूत होती.

या समजुतीतून बाहेर पडायला मला बरीच वर्षे लागली. हा लेख त्या ‘पुढे काय झाले’विषयी आहे. पण आधी गोन्सालोविषयी थोडे सांगायला हवे, कारण वसईबाहेरच्या मराठी वाचकाला तो फारसा माहीत नसतो.

गोन्सालोचा जन्म १५५७च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली तो वसईत शिकला आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने इतकी आत्मसात केली, की धर्मशिक्षक म्हणून त्याचे नाव झाले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र पुरी झाली नाही. मग तो व्यापारात पडला, पुढे मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला. १५९३मध्ये मनिलाहून पेद्रो बाउतिस्ता यांचे शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे निघाले, तेव्हा दुभाष्या म्हणून गोन्सालो बरोबर होता. इतक्या जणांत हिदेयोशीशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा हा वसईकर!

हिदेयोशीने १५८७मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण त्याची अंमलबजावणी ढिली होती. १५९६मध्ये ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्याला लागले. माल जप्त झाला, त्यावरून वाद पेटला आणि मिशनरी म्हणजे स्पेनच्या राजाचे पुढे धाडलेले हेर, हा संशय बळावला. पकडल्या गेलेल्यांच्या डाव्या कानाची पाळी क्योतोमध्ये कापण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात त्यांना जवळजवळ महिनाभर पायी चालवत नागासाकीला नेण्यात आले. निघाले तेव्हा चोवीस होते, वाटेत दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते आणि बाकीचे सारे जपानी. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. १८६२मध्ये पोप नववे पायस यांनी या सव्विसांना संतपद दिले.

काही वर्षांपूर्वी नागासाकीला जाण्याचा योग आला, तेव्हा मी प्रथम निशिझाकाला गेलो. तिथे १९६२मध्ये उभारलेल्या स्मारकात सव्वीस जणांच्या ब्राँझच्या आकृती एका ओळीत आहेत. गावचा माणूस शोधावा तसा मी गोन्सालो शोधला. मग तिथल्या पायरीवर बसून खालचे शहर पाहताना तो लहानपणी न विचारलेला प्रश्न पडला. हे सव्वीस गेले. ज्यांना मरण आले नाही, ते कुठे गेले?

सतराव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये सुमारे तीन लाख ख्रिस्ती असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १६१४मध्ये तोकुगावा राजवटीने देशभर बंदी घातली. धर्मगुरूंना हाकलले आणि जे लपून राहिले त्यांना एकेक करून पकडले. १६२२मध्ये याच निशिझाकावर पंचावन्न जणांना मारण्यात आले. परंतु हुतात्म्यांमुळे धर्माला बळ येते हे राज्यकर्त्यांच्या लौकरच ध्यानात आले असावे, कारण पुढे त्यांचा रोख मारण्याऐवजी मोडण्याकडे वळलेला दिसतो. खड्ड्यात उलटे टांगायचे आणि लवकर मरू द्यायचे नाही, हा छळ त्यातूनच आला. १६३३मध्ये त्याखाली ख्रिस्तोव्हाओ फेरेइरा मोडला. तो जपानमधल्या येशूसंघाचा प्रमुख होता. त्याने धर्म सोडला, जपानी नाव घेतले आणि पुढे सरकारला मदत केली. शुसाकू एन्दो यांची १९६६ची ‘चिन्मोकु’ ही कादंबरी याच घटनेभोवती फिरते. शेवटचा उरलेला धर्मगुरू, मान्स्यो कोनिशी, १६४४मध्ये मारला गेला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे त्या देशातल्या ख्रिस्ती माणसाला मिस्सा मिळाली नाही.

सामान्य माणसासाठी यंत्रणा वेगळी होती. प्रत्येक कुटुंबाने एखाद्या बौद्ध मंदिरात नाव नोंदवायचे, जन्म-मृत्यू तिथेच कळवायचे. पाच-पाच घरांचा गट, त्यातल्या एकाच्या अपराधाला पाचही जबाबदार. चौकाचौकांत फलक: धर्मगुरूची खबर देणाऱ्याला इतकी चांदी. आणि नागासाकी परिसरात दरवर्षी नव्या वर्षाच्या सुरुवातीला फुमिए. येशूची किंवा मारियेची प्रतिमा जमिनीवर ठेवलेली असे आणि अधिकाऱ्यांसमोर एकेकाने तिच्यावर पाय ठेवायचा. तान्ह्या मुलांचे पायसुद्धा टेकवले जात. १६६९मध्ये यासाठी पितळेच्या वीस प्रतिमा ओतवून घेण्यात आल्या. त्यांतल्या एकोणीस आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. पावलांनी झिजून त्यांच्यावरचे चेहरे गुळगुळीत झाले आहेत. हा विधी इतका अंगवळणी पडला, की हायकूच्या परंपरेत तो वसंत ऋतूचा सूचक शब्द होऊन बसला. आपल्याकडे मोहोर म्हटले की ऋतू कळतो, तसा तिथे प्रतिमा तुडवणे म्हटले की कळे!

आता मूळ मुद्दा. दोनशे वर्षे टिकलेले हे छुपे ख्रिस्ती दरवर्षी प्रतिमेवर पाय ठेवतच होते. ठेवला नसता तर पुढची पिढीच झाली नसती. कॉलेजात असताना ‘चिन्मोकु’चे इंग्रजी भाषांतर वाचून मी तावातावाने आजीला हे सांगितले होते. माझ्या मते ते भित्रे होते. गोन्सालो एका बाजूला आणि ही माणसे दुसऱ्या बाजूला. आजी तांदूळ निवडत होती. तिने एवढेच विचारले, “मग त्या रात्री त्यांना झोप लागत असेल का रे?”

याचे उत्तर एका छोट्या पुस्तिकेत आहे. तिचे नाव ‘कोन्चिरिसान नो र्याकु’. कोन्चिरिसान हा पोर्तुगीज शब्दाचा जपानी उच्चार, अर्थ पश्चात्ताप. ही पुस्तिका १६०३ची, म्हणजे देशव्यापी बंदीच्या अकरा वर्षे आधीची. पापनिवेदनासाठी धर्मगुरू मिळाला नाही, तर देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप करावा आणि संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय ठेवावा, म्हणजे क्षमा मिळते, अशी तिची शिकवण. छापील प्रत एकही उरली नाही. उरल्या त्या छुप्या ख्रिस्त्यांनी हाताने उतरवलेल्या नकला. सापडल्यास घात ठरला असता असे हे कागद लोकांनी पिढ्यानुपिढ्या का उतरवून ठेवले असतील? फुमिएहून घरी परतल्यावर ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पुढच्या वर्षी पुन्हा पाय, पुन्हा प्रार्थना. आजीच्या प्रश्नाचे उत्तर मला वाटते असे: झोप लागत नसे, म्हणूनच हे कागद टिकले.

यात ढोंग आहे, असे कोणी म्हणेल. म्हणू शकतो. हे पाप आहे, असे ते स्वतःही मानतच होते, एरवी पश्चात्तापाची गरज नव्हती. पण ज्या देवाला आपण वर्षातून एकदा पायाखाली घेतो, तोच आपल्याला समजून घेईल, हा त्यांचा भरवसा मला हुतात्म्याच्या भरवशाहून कमी वाटेनासा झाला आहे. हुतात्म्याला आपला निकाल त्याच दिवशी कळतो. यांना निकालाविना म्हातारे व्हावे लागले आणि तीच टांगणी मुलांच्या हाती द्यावी लागली.

भरवसा नुसत्या मनावर टिकत नाही, त्याला व्यवस्था लागते. उराकामी हे नागासाकीलगतचे खेडे. तिथल्या लोकांनी तीन कामे तिघांना वाटून दिली होती. एकाने पंचांग सांभाळायचे आणि नाताळ केव्हा, उपवासकाळ केव्हा हे ठरवायचे. एकाने बाप्तिस्मा द्यायचा. तिसऱ्याने घरोघरी निरोप पोचवायचे. हे पंचांग बास्तियान नावाच्या जपानी धर्मशिक्षकाचे मानले जाई. सात पिढ्यांनंतर काळ्या जहाजांतून पापनिवेदन ऐकणारे येतील, असे भाकीतही त्याच्या नावावर होते. घरात मूल मांडीवर घेतलेली कान्नोन देवतेची मूर्ती असे. पाहणाऱ्याला कान्नोन, घरच्यांना मारिया.

प्रार्थनांना ते ‘ओराशो’ म्हणत. मूळ लॅटिन शब्द तोंडातोंडी झिजत इतके बदलले, की म्हणणाऱ्यालाही अर्थ कळेना. कथांचेही तेच झाले. त्यांच्या एका हस्तलिखितात बायबलच्या गोष्टी जपानी लोककथेच्या वळणाने येतात आणि पंतय पिलात या एका माणसाचे त्यात दोन माणसे झालेले आहेत. विद्वान यावर हसतात. मला हसू येत नाही. आमच्या आजीला लॅटिन स्तोत्रे मुखोद्गत होती, त्यातल्या एका शब्दाचाही अर्थ तिला ठाऊक नव्हता आणि तिचे उच्चार ऐकून रोमच्या पंडिताने कानांवर हात ठेवले असते. मराठीत मिस्सा सुरू झाल्यावरही भर पावसात दार लावून ती म्हणायची ती लॅटिनच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जपानची बंदरे उघडली. परदेशी लोकांच्या वस्तीसाठी नागासाकीत ओउरा येथे फ्रेंच धर्मगुरूंनी चर्च बांधले आणि १८६५मध्ये ते निशिझाकाच्या सव्वीस हुतात्म्यांना अर्पण केले. त्या सव्विसांत आमचा गोन्सालो आहे, हे मी पुन्हा सांगतो. १७ मार्च १८६५ रोजी दुपारी उराकामीची दहा-पंधरा माणसे चर्चच्या दाराशी आली. फादर पेतिजाँ यांनी त्यांना आत घेतले. प्रार्थनेला बसलेल्या पेतिजाँजवळ येऊन एका बाईने, आमचे आणि तुमचे मन एकच आहे, असे हलक्या आवाजात सांगितले आणि मारियेची मूर्ती कुठे आहे, असे विचारले. बोलता बोलता कळले, की ही मंडळी त्या वेळी उपवासकाळ पाळत होती. चर्चमध्येही तेव्हा उपवासकाळच चालू होता. बास्तियानचे पंचांग चुकले नव्हते! पुढच्या काही आठवड्यांत इतर गावांचे लोकही आले. ते सावध होते. तुम्हाला बायको आहे का, रोमच्या मोठ्या गुरूला मानता का, हे विचारून त्यांनीच पेतिजाँची परीक्षा घेतली.

बंदी अजून उठली नव्हती. धर्मगुरू भेटल्यावर उराकामीकरांना लपणे नको झाले. घरच्या प्रेतासाठी बौद्ध भिक्षूला बोलवायचे नाही, असे त्यांनी ठरवले आणि १८६७च्या उन्हाळ्यात धरपकड सुरू झाली. तुरुंगातल्या छळापुढे जवळपास सर्वांनी धर्म सोडल्याचे कबूल केले. ताकागी सेन्एमोन हा एक माणूस तेवढा कबूल झाला नाही. बाकीचे सुटून घरी आले, सेन्एमोनला पाहून खजील झाले, आणि मग गावच्या पाटलाकडे जाऊन, आम्ही आमचे शब्द मागे घेतो, असे सांगू लागले. सात पिढ्यांची सवय इथे कामी आली असे मला दिसते. पडल्यावर उठायचे कसे, हे या लोकांना पक्के माहीत होते.

नव्या मेइजी सरकारने १८६८पासून या गावाला उखडून काढले. तीन हजारांहून अधिक माणसे देशभर वेगवेगळ्या ठिकाणी पाठवण्यात आली. त्सुवानो इथे सेन्एमोनला बर्फ धरलेल्या तळ्यात उतरवण्यात आले. उराकामीचे लोक या हद्दपारीला नुसते ‘प्रवास’ म्हणत. सहाशेहून अधिक जण परतले नाहीत. परदेशी सरकारांकडून निषेध होऊ लागल्यावर फेब्रुवारी १८७३मध्ये बंदीचे फलक उतरले.

सगळेच चर्चमध्ये परतले असे नाही. इकित्सुकी बेटावर आणि आणखी काही ठिकाणी लोकांनी नव्या धर्मगुरूंना नम्रपणे नकार दिला. वाडवडिलांनी जपलेली रीत सोडणे म्हणजे त्यांनाच सोडणे, असे त्यांना वाटले. त्यांचे ओराशो आता मोजक्या म्हाताऱ्यांच्या तोंडी उरले आहेत. या लोकांना ख्रिस्ती म्हणावे की नाही, यावर वाद आहे. मी म्हणेन.

परतलेल्या उराकामीकरांनी मोडकी घरे उभी केली आणि १८८०मध्ये गावच्या जुन्या पाटलाचा वाडा विकत घेतला. दरवर्षी फुमिए होई तो याच वाड्यात. चर्चसाठी त्यांनी हीच जागा निवडली. १८९५मध्ये काम सुरू झाले, पैसे संपत गेले, काम रखडत गेले आणि १९१४मध्ये ते पुरे झाले. मनोरे तर १९२५मध्ये चढले.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी या चर्चपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर अणुबॉम्ब फुटला. धर्मग्रामातल्या सुमारे बारा हजारांपैकी साडेआठ हजार माणसे गेली. ही देवाने स्वीकारलेली आहुती होती, असे डॉक्टर ताकाशी नागाई यांनी त्याच नोव्हेंबरमध्ये शोकसभेत सांगितले. अनेकांना त्याने धीर आला, काहींना ते कधीच पटले नाही. मलाही पटत नाही, मात्र बायकोची हाडे स्वतः वेचलेल्या माणसाशी मी वाद घालणार नाही. चर्च त्याच जागी १९५९मध्ये पुन्हा उभे राहिले.

त्या सकाळी आत दोन धर्मगुरू होते. १५ ऑगस्टचा मारियेचा सण जवळ आला होता, म्हणून पापनिवेदन ऐकणे चालू होते आणि गावची माणसे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसली होती.