सोसायटीचं दप्तर कुणाचं?



गटाच्या बैठकीत हिशेबात दहा रुपयांचा फरक निघाला, तर आपण जागची उठत नाही. वही पुन्हा उघडतो, पासबुक लावून बघतो, फरक सापडला की मगच सह्या. पण त्याच आपण घरी गेलो आणि बिल्डिंगच्या जिन्यात मेंटेनन्स वाढल्याची नोटीस दिसली, की मुकाट्याने पैसे देतो. का वाढला, मागचे कुठे गेले, हे मनात येतं आणि मनातच राहतं. "ते सेक्रेटरी बघतात," असं म्हणून आपण दार लावून घेतो.

त्या दाराबाहेर जे चालतं, त्याचा इतिहास आज सांगायचा आहे. सुरुवात आपल्या जासईपासूनच करू.

१७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर वसणार, असं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. मोबदला तोकडा होता. जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या मागे हजारो शेतकरी उभे राहिले, त्यात पदर खोचून आलेल्या आपल्या आया-आज्या होत्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला या भागात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. दरवर्षी जानेवारीत आपण त्यांना हार घालतो. त्या लढ्यातूनच पुढे १९९० मध्ये साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. जमीन घेतली, तर तिचा काही भाग रस्ता, पाणी, गटार असलेला भूखंड म्हणून परत द्यायचा, हे तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं.

पुढचं तर आपल्या डोळ्यांसमोर घडलं. उलव्यात, द्रोणागिरीत भूखंड मिळाले. कुणी विकले, कुणी बिल्डरला विकसित करायला दिले आणि बदल्यात फ्लॅट घेतले. म्हणजे एकेकाळचं शेत आता चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आलं. त्या खोल्यांखालची जमीन, वरची गच्ची, पाण्याची टाकी, लिफ्ट हे सगळं सामाईक. आणि सामाईक गोष्टींचा कारभार असतो सोसायटीच्या दप्तरात. ते दप्तर कुणीतरी कपाटात बंद करून ठेवलं, तर आपलं उरलंसुरलं शेतच कपाटात बंद झालं असं समजा.

आता ही सोसायटी आली कुठून?

इंग्रजांच्या काळात १९०४ साली सहकाराचा पहिला कायदा झाला. तो मुख्यतः पतपेढ्यांचा, सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठीचा. १९१२ च्या कायद्याने कर्जाशिवाय इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. त्या वेळची मुंबई आठवा. १८९६ साली प्लेग येऊन गेला होता, दाटीवाटीच्या वस्तीची लोकांना धास्ती होती आणि भाडी परवडत नव्हती. श्रीपाद सुब्राव तालमकी या सहकारातल्या कार्यकर्त्याने पुढाकार घेतला आणि १९१५ साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. आपल्या देशातल्या अगदी पहिल्या गृहनिर्माण सोसायट्यांत तिचं नाव घेतात. कल्पना साधी होती. एकेकटा माणूस घर बांधू शकत नाही, पण सगळ्यांनी मिळून संस्था काढली तर राहणारेही आपणच आणि मालकही आपणच. घरमालक नावाचा माणूसच मधून काढून टाकला.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार हे आपले घरमालक नाहीत. गटाच्या अध्यक्ष-सचिवांना आपण निवडतो, तसेच तेही निवडलेले. सोसायटीत एका सभासदाला एक मत. फ्लॅट मोठा असो की लहान, मत एकच.

पुढचा सगळा इतिहास मात्र तक्रारींचा आहे. लोकांनी तक्रार केली, म्हणून कायदा झाला. मुंबईत बिल्डर पैसे घ्यायचे, करार करायचे नाहीत, एकच फ्लॅट दोघांना विकायचे, सोसायटी होऊ द्यायचे नाहीत. म्हणून १९६३ साली मोफा नावाने ओळखला जाणारा कायदा आला. करारनामा नोंदवायचा, सोसायटी स्थापन करायची आणि जमीन-इमारत तिच्या नावावर करून द्यायची, ही जबाबदारी त्याने बिल्डरवर टाकली. तरीही बिल्डर जमीन नावावर करून देईनात. तेव्हा २००८ मध्ये दुरुस्ती झाली आणि बिल्डरच्या सहीवाचून मानीव अभिहस्तांतरण करून घेण्याची वाट निघाली. आपण त्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो. त्यानंतर २०१६ चा रेरा कायदा आला.

दरम्यान १९७० साली अपार्टमेंटचा वेगळा कायदा झाला होता. नवी मुंबईत सिडकोने बांधलेल्या कित्येक वसाहतींत सोसायटी नाही, अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन आहे. तिथं फ्लॅट थेट आपल्या मालकीचा असतो आणि जमिनीत आपला अविभक्त हिस्सा असतो. कारभार घोषणापत्र आणि उपविधींप्रमाणे चालतो आणि दाद मागायची वाटही वेगळी असते. म्हणून भांडण्याआधी पहिला प्रश्न हा विचारा : आपली संस्था सोसायटी आहे की असोसिएशन? नोंदणीच्या कागदावर ते लिहिलेलं असतं. पुढचं मी सांगते आहे ते सोसायटीचं.

सोसायट्यांचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. पण तो साखर कारखान्याला, बँकेला आणि वीस घरांच्या बिल्डिंगला एकाच मापाने मोजत होता. २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आलं. समजा, तुमच्या बिल्डिंगमध्ये दोन वर्षं सभा नाही, हिशेब नाही, टाकी गळते आहे आणि दुरुस्ती निधी संपला म्हणतात. अशा वेळी पायऱ्या कोणत्या, ते ऐका.

पहिली पायरी दप्तराची. उपविधी, शेवटचा तपासलेला ताळेबंद, सभासदांची यादी, सभांची इतिवृत्तं आणि आपल्या स्वतःच्या खात्याचे व्यवहार बघण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. लेखी अर्ज द्या, नकलेचे पैसे भरा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. तोंडी मागितलेलं वाऱ्यावर जातं, कागदावर मागितलेलं टिकतं.

दुसरी पायरी सभेची. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं. त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायला हवी. हिशेब, लेखापरीक्षण अहवाल तिथं मांडायचा असतो. सभेला जा. आपला प्रश्न आणि आपला विरोध इतिवृत्तात लिहायला लावा. समिती सभाच घेत नसेल, तर एक पंचमांश सभासद सह्या करून विशेष सभा मागू शकतात आणि ती महिन्याभरात बोलवावी लागते. वीस घरांच्या बिल्डिंगमध्ये एक पंचमांश म्हणजे किती? चार. फक्त चार सह्या!

तिसरी पायरी निबंधकाच्या कार्यालयाची. तिथं लेखी तक्रार करता येते. कारभारात घोळ दिसला, तर कलम ८३ खाली चौकशीची मागणी करायलाही एक पंचमांश सभासद पुरतात. संस्थेचा पैसा कुणी गैरवापरल्याचं सिद्ध झालं, तर कलम ८८ प्रमाणे तो त्याच माणसाकडून वसूल करता येतो. समिती काम करतच नसेल, तर ती दूर करण्याचाही अधिकार निबंधकाला आहे. सभासद आणि संस्था यांच्यातले कारभाराचे, निवडणुकीचे वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात.

काही मर्यादाही सरकारने ठरवून दिल्या आहेत, त्या पाठ करा. फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. फ्लॅट विकताना हस्तांतरण अधिमूल्य महानगरपालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार आणि ग्रामपंचायत हद्दीत ५ हजार रुपये. हे आदेश २००१ चे आहेत. देणगी म्हणून लाखभर मागितले, तर "कोणत्या नियमाने?" एवढंच विचारा.

आता एक सावधगिरी. रागाने मेंटेनन्स बंद करू नका. ही चूक फार जण करतात. थकबाकीदार ठरलं की समितीवर उभं राहण्याचा हक्क जातो, निबंधकाकडून वसुलीचा दाखला येऊ शकतो आणि ज्याचा हिशेब आपण मागत होतो, तोच आपल्याला बुडवी म्हणायला मोकळा होतो. पैसे चेकने किंवा बँकेतून भरा, पावती जपा, आणि भांडण सुरू ठेवा.

शेवटचं बोलणं खास आपल्या बायकांसाठी. भूखंडाच्या लढ्यात आपण पुढे होतो, पण भाग दाखल्यावर नाव कुणाचं लागलं? घरी जाऊन तो दाखला काढून बघा. पहिलं नाव ज्याचं, मताचा पहिला हक्क त्याचा. तुमचं नाव नसेल, तर सहयोगी किंवा संयुक्त सभासद म्हणून लावायचा अर्ज करा. व्यवस्थापन समितीत दोन जागा बायकांसाठी राखीव असतात. त्या जागांवर नुसती नावं लिहून सह्या घरी पाठवल्या जातात, असंही घडतं. तसं होऊ देऊ नका. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाची वही ही गटाची पंचसूत्री आपण चालवतो. ज्या बाईला गटाची रोजकीर्द लिहिता येते, तिला सोसायटीचा ताळेबंद वाचता येतो. आकडे मोठे असतात, एवढाच फरक.

आपल्या खाडीकाठच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, खारजमिनीचा बांध कसा राखायचे ते. बांध एकाचा नसायचा. खेकड्याचं बीळ दिसलं की ज्याला दिसलं त्याने तिथंच बुजवायचं, नाहीतर हाका मारून माणसं गोळा करायची. शेजाऱ्याचं शेत आहे म्हणून गप्प बसलं, तर एका उधाणात खारं पाणी सगळ्यांच्या भातात शिरायचं. जिन्यातल्या नोटिशीकडेही तसंच बघा. पुढच्या वेळी दिसली, तर वरच्या मजल्यावरच्या ताईला हाक मारा, खालच्या वहिनींना बोलवा. चौथी सही तुमची.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.