वाढत्या खाद्यमहोत्सवासाठी जागेची निवड

पहिल्या वर्षी खाद्यमहोत्सव चर्चच्या आवारात सहज मावतो. दहा-बारा टेबले, ओळखीची माणसे, दुपारपर्यंत सारी पातेली रिकामी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र फाटकाबाहेर वाहनांची रांग लागते आणि जागा बदलण्याचा विषय समितीपुढे येतो. हा निर्णय केवळ चौरस फुटांचा नसतो. पदार्थ कोण विकणार आणि ते खायला कोणाला येता येणार, हे जागेबरोबरच ठरून जाते. म्हणून नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुका, विशेषतः ब्राह्मणपुरीसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवून आम्ही या विषयाचा येथे विचार करीत आहोत.

जागेआधी तारीख ठरवावी. राज्याच्या कृषी विभागाने २०२० पासून ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवण्यास आरंभ केला. हा मुहूर्त योग्यच आहे, कारण करटुली, टाकळा, कुरडू, केना, बांबूचे कोंब या भाज्या पावसाळ्याच्याच. परंतु तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन ऑगस्टमध्ये पाऊल धरून ठेवते. मोकळ्या शेतात मंडप घालणे तेव्हा व्यर्थ होय. फरसबंदी असलेले आवार, शाळेचा व्हरांडा किंवा बाजार समितीची लिलावाची शेड हीच पावसाळ्यातील खरी जागा. बाजार समितीची शेड मिळाली तर उत्तम, कारण तेथे छप्पर, पक्की जमीन आणि मालवाहू वाहन आत येण्याची सोय या तिन्ही गोष्टी आयत्या मिळतात.

हिवाळ्यातील महोत्सवाचे गणित वेगळे. खानदेशी भरिताची वांगी काट्याकुट्यांच्या जाळावर भाजायची, खापरावर मांडे करायचे, तर मोकळे आकाश हवे आणि आजूबाजूला पऱ्हाट्या, कडबा किंवा चाऱ्याची गंजी नको. उघड्या चुली एका बाजूला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवाव्यात. गॅसच्या शेगड्या त्यांच्यापासून दूर असाव्यात. (नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांजवळ मैदान मिळत असेल, तर ते फुकटही घेऊ नये. जेवणाऱ्यांना ठसकाच पुरेल.)

आता मोजमाप. चाळीस दुकाने धरली आणि प्रत्येकी दहा फूट दर्शनी जागा दिली, तर समोरासमोर दोन रांगा दोनशे फूट लांब होतात. दुकानाची खोली दहा फूट, मागे स्वयंपाकाला दहा फूट आणि मध्ये वीस फुटांची वाट धरल्यास रुंदी साठ फूट. म्हणजे बारा हजार चौरस फूट, सुमारे अकरा गुंठे. बसून जेवण्यासाठी जवळपास तितकीच जागा लागते. वाहनांना त्याहून अधिक. एकूण एक एकर हाताशी असावा. वीस फुटांची वाट कमी करण्याचा मोह समितीला होतोच. तो टाळावा, कारण काही अघटित घडले तर अग्निशामक गाडी तेथूनच आत येणार आहे. बाहेर पडण्याचे दोन मार्ग नसलेली जागा, ती कितीही देखणी असो, यादीतून काढून टाकावी.

पाण्याविषयी समित्या बहुधा शेवटी विचार करतात. पिण्याचे, हात धुण्याचे आणि भांडी घासण्याचे पाणी वेगळे हवे, सांडपाण्याला उतार हवा, आणि स्त्रियांची स्वच्छतागृहे चुलींपासून दूर पण उजेडात हवीत.

लोक जेथे आधीच जमतात, तेथे महोत्सव नेणे हा सातपुड्यातील जुना शहाणपणा आहे. होळीपूर्वीचा भोंगऱ्या बाजार आठवडे बाजाराच्याच गावी भरतो. वाट सर्वांना ठाऊक, वाहनांची सवय लागलेली. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा तापीकाठी भरते, तीही ओळखीच्या ठिकाणीच. ब्राह्मणपुरीच्या महोत्सवासाठी शहाद्याला जावे की गावातच मोठे आवार शोधावे, हा प्रश्न याच दृष्टीने पाहावा. शहाद्याला रेल्वे नाही. येणारा प्रत्येकजण एसटीने, जीपने वा दुचाकीने येणार. धडगावकडील भगिनी भाज्यांचे गाठोडे घेऊन सकाळी घाट उतरते. तिला परतीची गाडी मिळाली नाही, तर पुढील वर्षी ती येत नाही आणि तिच्या जागी शहरातील केटरर उभा राहतो.

भाड्याच्या सभागृहाचा धोका हाच आहे. पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भरणारी भीमथडी जत्रा मोठी झाली ती मैदान विस्तीर्ण आणि शहराच्या मध्यावर आहे म्हणून; तेथे ग्राहकसंख्येमुळे खर्च झेपतो. छोट्या गावात भाडे दुकानदारावर टाकले, की भाकरीची किंमत वाढते आणि भाकरी करणारीच मागे हटते. आमच्या मते भाडे समितीने देणगीतून भरावे, दुकानाचे शुल्क नाममात्र ठेवावे.

जागा नक्की करण्यापूर्वी ग्रामपंचायतीची व पोलीस ठाण्याची परवानगी घ्यावी. तात्पुरत्या दुकानांनाही अन्न सुरक्षा कायदा, २००६ अन्वये नोंदणी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालयांभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. शाळेचे आवार निवडल्यास ध्वनिक्षेपकाविषयी आधीच विचारावे. रविवारी महोत्सव असल्यास मिस्सा संपण्याची वेळ आणि दुकाने मांडण्याची वेळ एकमेकींवर येऊ देऊ नयेत. शेवटी, निवडलेली जागा महोत्सवाच्या ठरल्या वेळीच, आठवडे बाजाराच्या दिवशी एकदा आणि इतर दिवशी एकदा, समितीतील दोन-तीन महिलांसह पायी फिरून पाहावी.