आवरणाखालचे मोरचूद : मोटारीच्या केबलमागचा अडीचशे वर्षांचा इतिहास

जुनी मोटार सकाळी चालू होत नाही, तेव्हा पहिला संशय बॅटरीवर येतो. नवी बॅटरी बसते, चार दिवस बरे जातात आणि तीच तक्रार पुन्हा उभी राहते. मग स्टार्टर उघडला जातो, पुढे आल्टरनेटर बदलला जातो. एवढा खर्च होऊनही दोष कधी कधी जागच्या जागी राहतो. कारण तो बॅटरी आणि स्टार्टर यांना जोडणाऱ्या जाड केबलच्या आत, वरून धड दिसणाऱ्या आवरणाखाली असतो. झाकलेल्या जागी धातूचा असा घात होणे ही गोष्ट मोटारीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. तिची एक प्रसिद्ध नोंद एका लाकडी युद्धनौकेची आहे.

१७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या नौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांपासून तळ वाचवणे हा त्यामागचा हेतू होता. वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर तपासणी झाली, तेव्हा किड्यांचा उपद्रव थांबलेला दिसला. मात्र पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे अनेक ठिकाणी झिजून गेले होते. पत्र्यांच्या वेष्टनाचा तपकिरी कागद जिथे तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये राहून गेला होता, तिथले खिळे शाबूत होते. निरीक्षण अचूक होते, पण त्याचे कारण सांगणारे शास्त्र अजून जन्मले नव्हते.

ते शास्त्र पुढच्या साठ वर्षांत घडले. गॅल्व्हानी यांचा बेडकाच्या पायांवरील प्रयोगांचा ग्रंथ १७९१ मध्ये आला. व्होल्टा यांनी १८०० मध्ये पहिली विद्युतघटमाला जाहीर केली. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी हे तत्त्व जहाजांना लावले. समुद्राच्या पाण्यात एकमेकांना टेकलेले तांबे आणि लोखंड म्हणजे एक विद्युतघटच असून त्यात लोखंडाचा बळी जातो, हे ओळखून त्यांनी तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे व लोखंडाचे तुकडे मुद्दाम जोडले. ते तुकडे झिजले आणि तांबे वाचले. विरघळणारे तांबेच सागरी जीवांना दूर ठेवत होते, त्यामुळे वाचलेल्या तांब्यावर शिंपले माजले आणि आरमाराने ही योजना सोडून दिली. तत्त्व मात्र टिकले. जमिनीखालच्या नळांपासून जहाजांच्या पोलादी तळांपर्यंत आज ते सर्वत्र वापरले जाते.

मोटारीत हा प्रश्न दोन शोधांच्या मिलनातून आला. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हा भारित करता येणारी बॅटरी बनवली. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचे धोक्याचे काम संपत गेले. इंजिन फिरवण्यासाठी स्टार्टरला काही क्षण शंभर-दोनशे अँपिअरचा प्रवाह लागतो. म्हणून बोटाएवढी जाड आणि तरीही वाकणारी, असंख्य बारीक तारा एकत्र वळलेली तांब्याची केबल आवश्यक ठरली. दोष शिरतो तो या बारीक तारांच्या फटींतूनच.

बॅटरीच्या टोकाशी आम्लाचा सूक्ष्म अंश झिरपत असतो. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते केशाकर्षणाने तारांच्या फटींतून केबलमध्ये आत जाते. सौम्य गंधकाम्ल एकटे तांब्याला फारसे काही करू शकत नाही, परंतु फटींतल्या हवेचा प्राणवायू सोबतीला मिळाला की तांब्याचे कॉपर सल्फेट, म्हणजे आपले परिचित मोरचूद, तयार होते. तारा बारीक असल्याने त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा असतो आणि झीज वेगाने पसरते. प्लॅस्टिकचे आवरण ओलावा कोंडून ठेवते आणि निळसर-हिरवी भुकटी दृष्टिआड करते. टर्मिनल घासूनपुसून लख्ख केले, तरी वीतभर पुढची केबल आतून पोकळ झालेली असू शकते.

ती सहज सापडत नाही, याचे उत्तर गेऑर्ग ओम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमात आहे. खराब केबलचा रोध केवळ ०.०१ ओहम वाढला असे धरू. पाच अँपिअर घेणाऱ्या दिव्यासाठी त्यात ०.०५ व्होल्ट खर्च होतात, म्हणून दिवा नेहमीसारखा उजळतो. स्टार्टर दोनशे अँपिअर मागतो, तेव्हा त्याच जागी दोन व्होल्ट गळतात आणि ४०० वॅट उष्णता तेवढ्याशा जागेत निर्माण होते. बारा व्होल्टमधून दोन गेले की स्टार्टर कण्हतो, आणि आधुनिक गाडीतील संगणकीय नियंत्रक गोंधळून भलत्याच भागाकडे बोट दाखवतात. साध्या मल्टिमीटरने बंद गाडीत केबलचा रोध मोजला तर तो जवळपास शून्यच दिसतो, कारण इतका अल्प रोध त्याच्या आवाक्याबाहेर असतो.

खरी कसोटी भाराखालीच होते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटावर, दुसरे स्टार्टरच्या धन जोडावर धरायचे आणि स्टार्टर फिरवून पाहायचे. निरोगी केबलमध्ये साधारण अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी घट दिसते. बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनचा सांगाडा यांच्यामध्येही हीच परीक्षा घ्यावी लागते. ‘अर्थ’ची केबल बहुधा सर्वांत दुर्लक्षित असते.

भारतासारख्या दमट किनाऱ्यांच्या आणि लांब पावसाळ्याच्या देशात क्षरण हा राष्ट्रीय प्रश्न आहे, याची जाण स्वातंत्र्याच्या आरंभीच होती. अळगप्पा चेट्टियार यांनी दिलेल्या जमिनीवर आणि देणगीवर तमिळनाडूतील कारैक्कुडी येथे केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था उभी राहिली. तिची पायाभरणी १९४८ मध्ये झाली आणि १९५३ मध्ये ती राष्ट्राला अर्पण झाली. बॅटरी आणि क्षरण हे दोन्ही विषय तेव्हापासून तिथे एकाच छताखाली अभ्यासले जातात. डेव्ही यांनी दाखवलेले नाते पाहता ही जोडी स्वाभाविक आहे; एकाच रसायनाची ती दोन रूपे आहेत.

खासगी मोटारीची पहिली नोंदणी आपल्याकडे पंधरा वर्षांसाठी असते. त्या वयाच्या आसपास पोहोचलेली गाडी दुरुस्त करावी की मोडीत काढावी, हा निर्णय अनेक कुटुंबांपुढे आणि चालकांपुढे येतो. अशा वेळी दोष न शोधता बदललेली प्रत्येक बॅटरी खिशाला भार देते आणि विषारी शिशाचा एक जास्तीचा डबा पुनर्चक्रणाच्या रांगेत उभा करते. ‘अलार्म’च्या तपासनिसांना पत्र्याखालचे खिळे पाहण्यासाठी नौका पाण्याबाहेर काढावी लागली होती. आज आवरण न कापताही आतले तांबे किती उरले आहे याचा अंदाज घेता येतो. त्यासाठी साधा मल्टिमीटर आणि स्टार्टर फिरण्याचे काही क्षण पुरतात. नवी बॅटरी घेण्यापूर्वी तेवढे मापन करून घेणे शहाणपणाचे ठरेल.