ग्रुपवर टाकलं म्हणजे तक्रार झाली का? मोबाईल, राजकारण आणि सरकारी कारभार

हाटकेश (मीरा-भाईंदर) : मीरा रोडच्या हाटकेशमधल्या सोसायटीचा ग्रुप असो की मुरबाड-शहापूरकडच्या गावाचा, मेसेज सारखाच. पाणी आलं नाही, दिवे बंद, रस्ता उखडला. फोटो पडतो, चार जण राग काढतात, पुढारी ‘बघतो’ म्हणतात. आठ दिवसांनी तोच फोटो पुन्हा.

ग्रुपमुळे पुढाऱ्याला जाब विचारता येतो, हे खरं. पण सरकारदरबारी ग्रुपवरच्या मेसेजची नोंद नसते. नोंद नाही, तर उत्तर देणंही कुणावर बंधनकारक नाही.

तक्रार कुठं करायची?
हाटकेशवाल्यांनी महापालिकेकडं, गावकऱ्यांनी ग्रामपंचायत किंवा पंचायत समितीकडं. राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवरही तक्रार करता येते. तिथं मिळणारा नंबर जपून ठेवा. पुढं विचारणा त्याच नंबरावर होते.

दाखला अडला तर?
२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात दाखल्यांसाठी मुदत ठरवलेली आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. डिजिटल सहीचा सातबारा तर मोबाईलवरच निघतो.

गावाचा पैसा कुठं गेला?
‘ई-ग्रामस्वराज’ पोर्टल २४ एप्रिल २०२० ला सुरू झालं. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च त्यावर बघता येतो. ग्रामसभेला जाण्याआधी तो बघून जा, म्हणजे प्रश्न आकड्यानिशी विचारता येईल.

लिहिलं म्हणून अटक होते का?
नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं, बंदवर फेसबुकवर मत मांडलं म्हणून दोन तरुणींना अटक झाली. देशभर ओरड झाली. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. कारभारावर टीका करणं हा गुन्हा नाही.

पण अफवा वेगळी
१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे होते. मोबाईलवर फिरणाऱ्या खोट्या मेसेजनी लोकांच्या मनात आधीच भीती भरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. दंगा-भीती पसरवणारी खोटी माहिती टाकणाऱ्यावर आजही गुन्हा दाखल होतो.

ध्यानात ठेवा
फोटो ग्रुपवर जरूर टाका, पण आधी तक्रार नोंदवा आणि फोटोखाली तिचा नंबर लिहा. नंबर आणि तारीख समोर असली, की ‘बघतो’ म्हणून वेळ मारून नेता येत नाही.