अक्षराची रुंदी : खिळ्यापासून संगणकापर्यंत

अक्षरांची संख्या आणि त्यांनी व्यापलेली जागा या दोन भिन्न गोष्टी होत, हे मुंबईच्या मुद्रकांना फार पूर्वीच उमगले होते. जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. मुंबईत रूढ झालेल्या डिग्री पद्धतीत वरच्या मात्रा व खालचे उकार यांचे खिळे मूळ अक्षराच्या वर-खाली स्वतंत्रपणे जुळविले जात. त्यांमुळे ओळीची लांबी वाढत नसे. प्रत्येक खिळ्याची रुंदीही त्याच्या अक्षराप्रमाणे वेगळी असे.

टंकलेखनयंत्राने ही सवलत काढून घेतली. यंत्राचा गाडा प्रत्येक ठोक्यास सारखाच सरकतो. म्हणून काही चिन्हांसाठी गाडा न सरकविणाऱ्या कळा योजाव्या लागल्या. काना मात्र स्वतंत्र घर व्यापू लागला.

संगणकाच्या समरुंद पडद्याने हाच वारसा उचलला. मार्कुस कून यांच्या २००७ च्या सी भाषेतील नियमावलीत जागा न व्यापणाऱ्या जोडचिन्हांस शून्य, चिनी-जपानी अक्षरांस दोन व बहुतेक इतरांस एक घर दिलेले आहे. या हिशेबाने ‘दादर’ या शब्दाची घरे चार होतात, कारण कान्यास एक घर मिळते. त्याच उपनगरातील ‘चैत्यभूमी’ हे नाव घेतले असता युनिकोडची चिन्हे नऊ, युटीएफ-८ मधील बाइट सत्तावीस, घरे सहा आणि वाचकाच्या दृष्टीने अक्षरे चारच भरतात.

यांतील कोणता आकडा प्रमाण मानावा, हा केवळ तांत्रिक प्रश्न नव्हे. चिन्हे मोजून चौथ्यावर नाव तोडल्यास ‘चैत्’ एवढेच उरते. घरे मोजण्यात चूक झाल्यास यादीतील रकाने वाकडे होतात. नावाची अशी मोडतोड झाली की नुकसान त्या नावाच्या माणसाचे होते.

युनिकोडच्या २०२३ मधील १५.१ आवृत्तीने देवनागरी जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम स्वीकारला. तत्पूर्वीच्या नियमाने ‘त्य’ दुभंगून ‘चैत्यभूमी’चे पाच तुकडे होत, आता चार होतात. तथापि हा नियम शब्द कोठे तोडावा एवढेच सांगतो, रुंदी सांगत नाही. खरी रुंदी अक्षरे प्रत्यक्ष जुळल्यावर टंकाकडूनच कळते. जुळाऱ्याच्या हातातील खिळा हेच सांगत होता.