मरणाऱ्या ताऱ्यांचा अभ्यासक

ज्याची जीभ तिखट, त्याचे सत्यही लोकांना कडू लागते. फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्राच्या प्राध्यापकाचे जीवन अभ्यासताना आम्हांला हे पदोपदी जाणवले.

झ्विकी यांचा जन्म १८९८ साली बल्गेरियातील वार्ना येथे झाला. स्वित्झर्लंडमध्ये शिक्षण घेऊन १९२५ साली ते अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत दाखल झाले.

एखादा तारा एकाएकी उजळतो आणि पुढे विझून जातो, हे पूर्वजांनाही ठाऊक होते. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी असा तारा भर दिवसा पाहिला. त्याचे कारण मात्र गूढच होते. १९३४ साली झ्विकी आणि वाल्टर बाडे यांनी प्रतिपादन केले की, असे काही तारे ‘अतिनवतारे’ होत. तो ताऱ्याच्या अंतकाळीचा स्फोट असून, त्यामागे न्यूट्रॉन कणांचा एक लहानसा, अतिशय घन गोळा उरत असावा. न्यूट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती! ही कल्पना फारशी कोणी मनावर घेतली नाही. त्यात झ्विकींचा स्वभाव भांडखोर. सहकाऱ्यांशी त्यांचे वारंवार खटके उडत.

झ्विकींनी वाद घातले, तसे कष्टही उपसले. १९३६ पासून पालोमार पर्वतावरील १८ इंची दुर्बिणीतून ते त्याच त्या दीर्घिकांची छायाचित्रे पुनःपुन्हा घेत आणि जुन्या चित्रांशी ताडून पाहत. एका दीर्घिकेत असा स्फोट शतकातून एखाददुसराच. म्हणून असंख्य दीर्घिकांवर नजर ठेवणे भाग होते. आयुष्यभरात त्यांना सुमारे १२० अतिनवतारे गवसले.

१९६७ साली केंब्रिज येथे जोसलिन बेल या विद्यार्थिनीला आकाशातून नियमित स्पंदने येताना आढळली. पुढच्याच वर्षी, १०५४ च्या त्या ताऱ्याच्या अवशेषात, सेकंदाला सुमारे तीस वेळा स्पंदणारा गोळा सापडला. तो न्यूट्रॉन तारा होता. झ्विकी तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९७४ साली त्यांचे निधन झाले.

याच तापट माणसाने दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त ग्रंथालयांसाठी शास्त्रीय ग्रंथ गोळा करून धाडले, हेही नोंदवलेच पाहिजे.

आमच्या धर्मग्रामाच्या सभांतही बोलणारा फटकळ असला, की त्याचे म्हणणे ऐकण्याआधीच आपण कान मिटतो. झ्विकींना चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. आपण आपल्या माणसांना किती वर्षे ताटकळत ठेवणार?