बोन्सायसाठी चिंच : खोड शेतात घडवा, आकार कुंडीत द्या

बोन्साय म्हणजे उथळ कुंडीत वाढवलेले आणि जुन्या वृक्षासारखे दिसणारे झाड. मूळ जपानी शब्दाचा अर्थही 'उथळ भांड्यात लावणे' असाच आहे. आपल्या हवामानात यासाठी वड, उंबर, बोर यांबरोबर चिंच उत्तम ठरते. तिची पर्णिका मुळातच बारीक असते, साल लवकर खडबडीत होते, छाटणीनंतर फूट जोमदार येते आणि कडक ऊन ती सहज सोसते.

रोपवाटिकेचा जोडधंदा म्हणून बोन्सायकडे वळणारे बरेच शेतकरी सुरुवातीलाच एक चूक करतात. वर्षाचे रोप लगेच उथळ कुंडीत लावतात. उथळ कुंडीत मुळांना जागा नसते, त्यामुळे वाढ मंदावते आणि खोड वर्षानुवर्षे काडीसारखेच राहते. बोन्सायची किंमत मात्र जाड, निमुळत्या खोडाला आणि तळाशी पसरलेल्या मुळांना असते. हे दोन्ही जमिनीत लवकर घडते. शहरातल्या हौशी माणसाकडे गच्ची असते, शेतकऱ्याकडे जमीन असते. त्याच्या जमेची बाजू हीच आहे.

रोपे कोठून घ्यावीत

बांधावरचे किंवा जंगलातले जुने खुंट खणून आणण्याचा मोह होतो. तो टाळावा. झाडे तोडण्याचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या राज्य कायद्याच्या अनुसूचीत चिंचेचा समावेश आहे. त्यामुळे स्वतःच्या शेतातले झाड काढण्यापूर्वीही महसूल किंवा वन कार्यालयात चौकशी करावी. वनजमिनीतून झाड आणू नये. शिवाय जुन्या झाडाचे सोटमूळ खोल गेलेले असते, खणताना बारीक मुळे हाती लागत नाहीत आणि मर मोठी होते. व्यवसायासाठी बियांपासून केलेली रोपेच भरवशाची.

- ताजे, भरलेले चिंचोके २४ तास पाण्यात भिजवून पिशवीत लावावेत. आठ-दहा दिवसांत उगवण सुरू होते.
- रोप दोन महिन्यांचे झाल्यावर उपटून सोटमुळाचा खालचा भाग कात्रीने कापावा व रोप पुन्हा लावून सावलीत ठेवावे. यामुळे बाजूची मुळे वाढतात.
- कुंडीत लवकर फळ हवे असेल तर 'प्रतिष्ठान'सारख्या जातीचे कलम घ्यावे. मात्र कलमाचा सांधा खोडावर दिसून येतो, म्हणून अगदी खाली बांधलेले कलम निवडावे.

शेतातील वाढ

पाण्याचा निचरा होणाऱ्या गादीवाफ्यावर ६० सें.मी. अंतराने, पावसाळ्याच्या सुरुवातीला लागवड करावी. प्रत्येक रोपाखाली १० सें.मी. खोलीवर कौल किंवा सपाट फरशीचा तुकडा ठेवावा. सोटमूळ खाली जाऊ शकत नाही आणि मुळे चहूबाजूंनी आडवी पसरतात. पुढे कुंडीत दिसणारा मुळांचा पसारा इथेच तयार होतो.

पहिली दोन वर्षे शेंडा खुडू नये. पाने जितकी जास्त, तितके खोड लवकर जाड होते. बुंध्याजवळची एखादी फांदी मोकळी वाढू द्यावी. ती पोसते तशी तिच्याखालच्या खोडाची जाडी वाढते. काम झाले की ती काढून टाकावी.

खोड हवे तेवढे जाड झाल्यावर पावसाळ्याच्या तोंडावर ते करवतीने तिरके कापावे व कापावर बोर्डो पेस्ट लावावी. येणाऱ्या फुटीतील एक जोमदार फूट नवा शेंडा म्हणून ठेवावी. ती मूळ खोडाच्या निम्म्याहून जाड झाली की पुन्हा तसाच, पण विरुद्ध बाजूला काप घ्यावा. अशा दोन-तीन कापांतून खोडाला निमुळतेपणा आणि नैसर्गिक वळण येते. जमीन व पाण्यानुसार याला साधारण चार ते सहा वर्षे लागतात.

या काळात वर्षाआड पावसाळ्यात खोडापासून २० ते २५ सें.मी. अंतरावर कुदळीने गोल काप देऊन लांब मुळे तोडावीत. खोडाजवळ बारीक मुळे वाढतात आणि झाड काढताना दगावत नाही.

शेतातून कुंडीत

चांगला पाऊस झाल्यावर, जून-जुलैमध्ये झाड काढावे. त्याआधी फांद्या आखूड कराव्यात. झाड थेट उथळ कुंडीत न लावता २५ ते ३० सें.मी. खोल कुंडीत एक वर्ष ठेवावे.

माध्यमासाठी चाळून धूळ काढलेले विटांचे तुकडे (३ ते ६ मि.मी.) २ भाग, जाड वाळू १ भाग आणि चाळलेले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत १ भाग घ्यावे. काळी माती वापरू नये. ती पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हात भेगाळून बारीक मुळे तोडते. झाड हलू नये म्हणून कुंडीच्या छिद्रांतून तार घेऊन बांधावे.

पंधरा-वीस दिवसांत नवी पाने दिसली म्हणजे झाड लागले असे समजू नये. ही फूट खोडात साठलेल्या अन्नावर येते. मुळे नंतर सुटतात. दोन महिने झाड हलवू नये, खत देऊ नये आणि फूटही खुडू नये. या घाईत बरीच झाडे जातात.

आकार देणे

- उंची खोडाच्या तळाच्या जाडीच्या साधारण सहापट ठेवावी. खोड ५ सें.मी. असेल तर झाड ३० सें.मी.
- पहिली मुख्य फांदी उंचीच्या एक तृतीयांशावर असावी. वरच्या फांद्या क्रमाने बारीक व आखूड ठेवाव्यात.
- चिंचेची जून फांदी ताठ होते आणि वाकवताना मोडते. फांदी अर्धवट पक्की असतानाच ॲल्युमिनियमची तार ४५ अंशांत गुंडाळावी. तारेची जाडी फांदीच्या एक तृतीयांश पुरते.
- वाढीच्या काळात तार लवकर सालीत रुतते. दर पंधरवड्याला पाहावे. काढताना उलगडू नये, तुकडे कापून काढावी.
- नव्या फुटीवर पाच-सहा पाने आली की दोन पाने ठेवून छाटावे. यामुळे फांद्या दाट होतात.

बोन्सायमध्ये पाने लहान होतात, फळ मात्र फारसे लहान होत नाही. छोट्या झाडावर लोंबणारी चिंच ग्राहकाला म्हणूनच आवडते. फुले नव्या फुटीवर येतात. फळ हवे असल्यास उन्हाळ्यातली फूट खुडू नये.

पाणी, खत व कीड-रोग

वेळ ठरवून पाणी देण्यापेक्षा बोटाने माती तपासावी. वरचा थर सुकला की छिद्रातून निघेपर्यंत पाणी द्यावे. उन्हाळ्यात दिवसातून दोनदाही द्यावे लागते. सततच्या पावसात कुंडीखाली विटेचा तुकडा ठेवून ती तिरकी करावी. जून ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा थोडी निंबोळी पेंड किंवा गांडूळ खत पुरेसे होते.

पिठ्या ढेकूण व खवले कीड दिसल्यास साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशने खोड घासावे व ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. मुंग्यांचाही बंदोबस्त करावा, कारण त्या पिठ्या ढेकणाला जपतात. पानांवर भुरी आल्यास पाण्यात मिसळणारे गंधक (८० टक्के) २ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून सकाळी फवारावे. कडक उन्हात ही फवारणी टाळावी.

लहान झाडाची कुंडी दर दोन वर्षांनी, जुन्याची तीन-चार वर्षांनी पावसाळ्याच्या सुरुवातीला बदलावी. त्या वेळी मुळांचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कापावा.

विक्री करताना

कुंडी बदललेले झाड त्याच हंगामात विकू नये. चिंचेला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते, हे ग्राहकाला लेखी द्यावे. दिवाणखान्यात ठेवलेले झाड महिन्याभरात पाने गाळते आणि नाव रोपवाटिकेचे खराब होते.

पहिली काही वर्षे या कामात हाती पैसा येत नाही. म्हणून मुख्य पिकाची जमीन न अडवता, विहिरीजवळची किंवा कडेची एक-दोन गुंठे जागा घेऊन सुरुवात करावी. दरवर्षी थोडी रोपे लावत गेल्यास पाचव्या-सहाव्या वर्षापासून दर हंगामात काही झाडे विक्रीला तयार होत राहतात.